खोबरेल तेल आणि तिसरी पायरी

माझ्या सुनेच्या स्कीजच्या तळाला लागलेला चिकटा मी खोबरेल तेल लावून, बेसन चोळून, कोमट पाण्याने धुऊन काढला. मग त्या स्कीज कोरड्या पुसून त्यांची यथासांग पूजा केली. हे सगळं तिच्या शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी, कुणीही न सांगता, अतिशय प्रेमाने. तो चिकटा तिने स्वतःच तासभर खपून लावला होता आणि त्याच्याशिवाय चढ चढता येत नाही, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. तेव्हा ती चढावर होती.

तेव्हा मी तरुण होते हो. अठ्ठावन्न म्हणजे काय वय आहे! त्या वयात बाईला वाटतं, आपल्याला सगळं येतं. आता सत्तरी ओलांडल्यावर मी कुठल्याही चिकट वस्तूला हात लावायच्या आधी विचारून घेते. परवा नातीच्या केसांत काहीतरी चमकताना दिसलं, तर आधी विचारलं, "लावलंयस ना गं? सांडलेलं नाही ना?" ती म्हणाली, "आजी, इट्स जेल." मग नाही काढलं.

मुलगा आणि सून पुण्याहून इकडे येऊन वेलिंग्टनजवळच्या अप्पर हट गावात स्थायिक झालेले. मुलगा रोज ट्रेनने वेलिंग्टनला जातो आणि कॉम्प्युटरसमोर बसतो. सून इंजिनियर. जुन्या इमारती भूकंपात पडू नयेत म्हणून त्यांना कुठे काय आधार द्यायचा ते ती ठरवते. अशी शहाणी मुलगी, पण एका हिवाळ्यात ऑफिसातल्या बायका तिला साउथ आयलंडला बर्फावर घेऊन गेल्या आणि ती परत आली ती खुळावूनच. मी त्या वर्षी सहा महिन्यांसाठी आले, तेव्हा या खुळाला पाच-सहा वर्षं होऊन गेली होती.

स्कीइंग म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर डोंगरावरून सुसाट खाली येणारी माणसं यायची. हे तसलं नाही. याला क्रॉस-कंट्री म्हणतात. पायाला लांब, बारीक पट्ट्या; बुटाचा फक्त पुढचा भाग अडकवलेला, टाच मोकळी; हातात दोन काठ्या. आणि मग सपाटी, उतार, चढ, जे समोर येईल ते स्वतःच्या दमावर पार करायचं. वर न्यायला पाळणा नाही, काही नाही. मी मुलाला म्हटलं, "म्हणजे बर्फात चालायचंच ना? मग साधे बूट घालून चालावं की." तो म्हणाला, "आई, हे तिच्यासमोर बोलू नकोस." मी अर्थातच तिच्यासमोर बोलले.

अप्पर हटला काही बर्फ पडत नाही. त्यामुळे ती नदीकाठच्या रस्त्यावर चाकांच्या स्कीजवर सराव करायची. अंगात घट्ट काळा पोशाख, डोक्याला हेल्मेट, हातात काठ्या. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी डेअरीतून, म्हणजे इकडच्या कोपऱ्यावरच्या दुकानातून, दूध घेऊन येत होते. समोरून ही आली, "आई, बाजूला, बाजूला!" म्हणाली आणि खडखडत निघून गेली. शेजारीण तिच्या कुंपणापाशी उभी होती. तिने विचारलं, "तुमची सून का?" मी म्हटलं, "नाही."

सरळ नाही म्हटलं हो मी! एवढी मोठी घोडी, आणि स्वतःच्या सुनेला ओळख दाखवायला लाजले. शेजारणीला आम्ही दोघी एकाच घरातून बाहेर पडताना रोज दिसत होतो, ही गोष्ट वेगळी.

पण सुनेच्या मनात काय आहे ते मला पक्कं ठाऊक होतं, कारण ती डिशवॉशर लावताना बोलते.

"आई, मला फक्त एकदा त्या पायरीवर उभं राहायचंय," ती म्हणाली.

"कुठल्या गं?"

"तिसऱ्या. हंगाम संपताना चार दिवसांची स्पर्धा असते ना, तिथे बक्षिसाला बर्फ कापून तीन पायऱ्या करतात. पहिल्या दोन माझ्या नाहीतच. त्या बायका चालायच्या आधी स्कीइंग शिकल्यात. पण तिसरी... तिसरी होऊ शकते."

"आणि आत्तापर्यंत तुझा कितवा नंबर आलाय?"

"वरून सांगू की खालून?"

"सोपं पडेल तिकडून सांग."

"खालून दुसरा. एकदा पहिला."

मी हसले. तीही हसली, पण बशा जरा जोरात लावल्या.

त्या वर्षी आम्ही सगळे निघालो. फेरीने समुद्र ओलांडला, मग गाडीने खाली, खाली, खाली. मुलगा गाडी चालवतोय, आठ वर्षांची नात मागे बसून दर अर्ध्या तासाने "आर वी देअर यट?" विचारतेय, आणि मी सगळ्यांना दशम्या भरवतेय. स्पर्धा होती डोंगरावरच्या एका मोठ्या पठारावर. खालच्या गावात आम्ही एक छोटं घर भाड्याने घेतलं होतं.

स्पर्धा म्हणजे चार दिवस, चार टप्पे. एक दिवस छोटी शर्यत, एक दिवस लांबलचक, एक दिवस निराळ्या पद्धतीने पाय टाकून, असं काही. रोजच्या वेळा एकमेकींत मिळवायच्या. आणि तीन दिवस झाल्यावर माझी सून, खालून दुसरी येणारी माझी सून, तिच्या गटात चक्क तिसरी होती! तिच्या मागे, अर्ध्या मिनिटाहूनही कमी अंतरावर, एक शाळेत खेळ शिकवणाऱ्या बाई होत्या. माझ्या मुलापेक्षा उंच, पिकलेले आखूड केस, पाय असे की दोन पावलांत गाव संपावं. आम्ही घरात त्यांना मास्तरीणबाई म्हणायचो. सुनेला त्यांनी याआधीच्या प्रत्येक स्पर्धेत मागे टाकलेलं होतं.

शेवटच्या टप्प्याची गंमत अशी की सगळ्या एकदम सुटत नाहीत. जी पहिली आहे तिला आधी सोडतात. दुसरी तिच्या जितकी मागे असेल तितकं थांबवून मग तिला सोडतात, मग तिसरीला. त्यामुळे शेवटी रेषेवर जी आधी पोचेल तीच वरची. सुनेला एकच करायचं होतं: मास्तरीणबाईंना मागे ठेवायचं.

आता माझ्याकडे वळते. नवरात्र त्या वर्षी हंगामाच्या शेवटाशी येऊन भिडलं होतं. स्पर्धेचा तिसरा दिवस म्हणजे खंडेनवमी आणि चौथा दसरा. खंडेनवमीला आमच्याकडे शस्त्रं पुजतात. आमच्या घरात तलवारी कुठल्या. विळी, सुऱ्या, ह्यांचा पान्यांचा डबा, स्कूटर, पुढे पुढे मुलाचा लॅपटॉप. ज्याचं जे काम त्याचं ते शस्त्र. त्या दिवशी पूजा आणि दसऱ्याला शस्त्र उचलून सीमोल्लंघन. मला वाटलं, देवीनेच तारखा जुळवून आणल्यात!

संध्याकाळी सून गॅरेजमधून आली आणि सिंकपाशी उभी राहून हात घासायला लागली. घासतेय, घासतेय, जात नाही.

"काय चिकट प्रकार आहे हो आई हा! वैताग आहे नुसता."

एवढंच म्हणाली. मग तिघं गावातल्या हॉलमध्ये गेली, उद्याची माहिती ऐकायला आणि पास्ता खायला. मी म्हटलं, "तुम्ही जा, मला नैवेद्य करायचाय." दार लागलं, आणि मी गॅरेजमध्ये गेले.

दोन्ही स्कीज घोडीवर पालथ्या ठेवलेल्या होत्या. पालथ्या हे मला आता कळतं. तेव्हा मला त्या सुलट्याच वाटल्या. जी बाजू वर, ते तोंड. आणि त्या तोंडाला मधोमध, हातभर लांब, तांबूस चिकटा फासलेला. बोट लावलं, तर बोट अडकलं. मला वाटलं, अगं बाई, हाच तो वैताग! दमूनभागून पोरगी घासत बसली असणार, निघाला नाही म्हणून तशीच गेली. आणि अशी बरबटलेली वस्तू देवापुढे ठेवायची?

माझं माहेर कोकणातलं. फणस फोडला की हाताला, विळीला जो चीक लागतो तो साबणाने निघत नाही, खोबरेल तेलाने निघतो, हे आमच्याकडे पोरं चालायला लागायच्या आधी शिकतात. मला इतका आनंद झाला! त्या एवढ्या इंजिनियर मुलीला जे जमलं नाही, ते मला येत होतं. तेलाची बाटली पर्समध्ये होतीच. थंडीने तेलाचा दगड झालेला. बाटली गरम पाण्यात उभी केली, आणि तोवर पदर खोचला.

निघता निघेना हो. पण मी सोडते की काय! तेल चोळलं, किचन टॉवेलने पुसलं, परत तेल, परत पुसलं. मग तेलकटपणा जायला बेसन लावलं, दिवाळीच्या उटण्यासारखं. मग कोमट पाणी. त्या स्कीजना मी अभ्यंगस्नान घातलं म्हणा ना. शेवटी अशा लखलखल्या की त्यात माझा चेहरा दिसला. आता वाटतं, त्या चेहऱ्याकडे तेव्हा जरा नीट बघितलं असतं तर काहीतरी कळलं असतं.

मग टोकांना हळद-कुंकू, अक्षता. झेंडू कुठला मिळायला. अंगणात डॅफोडिल फुलले होते, ते दोन वाहिले. शिऱ्याचा नैवेद्य. निरांजन ओवाळलं. शेजारच्या फळीवर मेणाच्या वड्या आणि रॉकेलसारखा वास येणारे कसले कसले डबे होते. गॅरेज पेटलं नाही ही खरी देवीची कृपा. आणि हो, निघता निघता दोन्ही पट्ट्यांवरून तेलाचा एक हलका हात फिरवला. गंज लागू नये म्हणून. प्लॅस्टिकला.

ती मंडळी परत आली. "आई, काय केलंत?" सुनेने विचारलं.

"शिरा," मी म्हटलं.

तिने दोनदा घेतला. गॅरेजकडे ती फिरकलीच नाही. तो थर थंडीत निवांत बसू द्यायचा असतो म्हणे. सकाळी अंधारातच मुलाने सामान गाडीवर चढवलं.

वर पठारावर ऊन असं पडलं होतं की डोळे उघडवेनात. आदल्या दिवशी वितळलेलं पाणी रात्रीत गोठून बर्फ कडक झालेला, आणि कडेने सोनेरी गवताचे झुबके डोकं वर काढत होते. हंगाम संपला म्हणून सगळीकडे जत्रेचा थाट. कुणी गाईच्या घंटा वाजवतंय, कुणी सॉसेज भाजतंय. सून जुन्या स्कीजवर पाय मोकळे करून आली, आणि नाव पुकारल्यावर तिने शर्यतीच्या स्कीज पायात अडकवल्या. तळ बघायचं कारणच नव्हतं. त्या तिने स्वतःच तयार केलेल्या. पण टोकं दिसली.

"आई! पूजा केलीत?"

"मग! खंडेनवमी नव्हती का काल?"

तिचे डोळे भरून आले. खरंच आले. तिच्या त्या खुळाकडे घरातल्या कुणी आजवर असं बघितलं नव्हतं. आणि ती माझ्या पाया पडायला वाकली. पायात चार-चार हात लांब पट्ट्या, हातात काठ्या, खाली घट्ट बर्फ, आणि ही नमस्काराला वाकतेय! दोन्ही पट्ट्या मागे सटकल्या आणि ती साष्टांग. मुलाने काखेत हात घालून तिला उभी केली. घड्याळ धरून बसलेल्या पंचाने मान वर करून बघितलं, पुन्हा खाली घातली.

"फारच सटकतंय," सून पुटपुटली.

"विजयी भव!" मी म्हणाले.

आणि ती सुटली. थोड्या वेळाने मास्तरीणबाई सुटल्या.

दोन फेऱ्या होत्या. आम्ही पहिल्या चढाच्या पायथ्याशी उभे राहिलो. सगळ्यांकडे घंटा, तर मी घरून स्टीलचं ताट आणि डाव आणलेला. सपाटीवरून सून काठ्या मारत अशी झपाझप आली की मी ताट बडवून बडवून शेजारच्या जोडप्याला चार पावलं सरकवलं. मग चढ सुरू झाला. तिने उजवा पाय दाबून पुढे टाकला. तो मागे गेला. डावा टाकला. तोही मागे गेला.

"आजी," नात म्हणाली, "व्हाय इज मम्मा गोइंग बॅकवर्ड्स?"

सुनेने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा मागे. मग तिने पट्ट्यांची टोकं फाकवली आणि बदकासारखी फताडं पाऊल टाकत, हातांनी स्वतःला वर ओढत चढायला लागली. तेवढ्यात मागून मास्तरीणबाई आल्या, एक, दोन, एक, दोन, जिना चढल्यासारख्या, आणि तिला ओलांडून गेल्या.

मुलाने कपाळावर हात मारला. "हिचं क्लिस्टर गेलं वाटतं!"

"म्हणजे काय गेलं?"

"अगं तो चिकट थर असतो ना आई, पायाखाली. पाय दाबला की तो बर्फाला धरतो, म्हणून चढता येतं. काल तासभर लावत बसली होती. असा कसा गेला?"

माझ्या हातातलं ताट आपोआप थांबलं.

"तांबूस असतो का रे?" मी विचारलं.

"हो."

"फणसाच्या चिकासारखा?"

मुलगा हळूच माझ्याकडे वळला. लहानपणी बरणीतला लाडू कमी दिसला की मी त्याच्याकडे जशी वळायचे, तसाच.

"आई. तू काय केलंस?"

"मी काय करणार? पूजा केली."

"आणि?"

"आणि ताट जरा धर. मी वर जाऊन येते."

मला एकदम सुचलं होतं. चिकटपणाच गेलाय ना? मग चिकटपणा परत द्यायचा. माझ्या कोटाच्या खिशात गुळाचा खडा होता. मी चढाच्या कडेकडेने गमबूट रोवत वर निघाले. चढ निम्मा होईतो छाती भात्यासारखी चालायला लागली. तिथे उभी राहून मी गुळाचा खडा तोंडाजवळ धरून त्यावर वाफ सोडत राहिले, मऊ व्हावा म्हणून. बघणाऱ्यांना काय वाटलं असेल ते वाटो.

इकडे उतारावर सुनेच्या स्कीज नुसत्या तेलावर सुटल्या होत्या. मुलगा खालून ओरडून सांगत होता, "आई, उतारावर तिने बरंच भरून काढलंय! फार मागे नाहीये!" दुसरी फेरी सुरू झाली. चढाला आधी मास्तरीणबाई लागल्या, मागे थोड्या अंतरावर सून. मी वाट द्यायला म्हणून एक पाऊल मागे सरले, आणि गमबूट सुटला. मी बसले. बसल्या बसल्या निघाले. गूळ वर धरलेला, तोंडाने "अगं आई गं" चाललेलं, अशी मी थेट मास्तरीणबाईंच्या समोर वाटेत आडवी जाऊन थांबले.

त्या थांबल्या. भर शर्यतीत. काठ्या बाजूला टाकून वाकल्या. "यू ऑलराइट, लव्ह? काही मोडलं का? हलू नका हं."

मोडलं काहीच नव्हतं. पण मान वळवून खाली बघितलं, तर सून फताडी पावलं टाकत वर येत होती. आणि माझ्या मनात आलं, मी जितका वेळ इथे पडून राहीन, तितकी ती जवळ येणार. तिसरी पायरी! देवीपुढे सांगते, मी डोळे मिटले. बारीकसं कण्हलेसुद्धा. त्या बिचाऱ्या बाई माझा घोटा चाचपडत होत्या आणि मी एका डोळ्याने सून कुठवर आली ते बघत होते.

सून पोचली. धापा टाकत, घामाने निथळत.

"आई! लागलं का?"

"नाही गं! थांब, पट्टीला गूळ लावते!"

"काय?"

"गूळ! खाली लावते, चिकटेल!"

"आई, आत्ता काही खायला नको मला! लागलं नाही ना? मग उठा आधी! त्यांना जाऊ द्या!"

"अगं पण तुझी पायरी..."

"उठा म्हणते ना!"

सासूवर एवढ्या मोठ्याने ओरडायची तिची ती पहिलीच वेळ. मी ताडकन उठले. माझ्यासारख्या मरणोन्मुख बाईला इतक्या चपळाईने उठताना पाहून मास्तरीणबाई चक्रावल्या. त्यांनी सुनेला विचारलं, "तुझ्या घरच्या का या?"

"हो," सून म्हणाली. "माझ्याच."

मग तिने मास्तरीणबाईंच्या काठ्या उचलून त्यांच्या हातात दिल्या, "गो, गो!" म्हणाली, त्या वाटेला लागेपर्यंत थांबली, आणि मगच निघाली. मला वाटलं, हे काय सौजन्य चाललंय! मी एवढी मेहनत घेऊन पडले आणि ही रस्ता मोकळा करून देतेय!

पुढचं मी वरूनच पाहिलं. उतार लागला आणि माझी सून उडाली. एकेक हात अंतर कमी होत गेलं. तळाशी वळणावर दोघी खांद्याला खांदा लावून आल्या. सपाटीवर सून पुढे झाली. हो, पुढे! नात किंचाळत होती, मुलगा ताट बडवत होता, मी गुळाचा खडा खाऊन टाकला, काय करावं कळेना म्हणून. शेवटची रेषा समोर दिसत होती, आणि रेषेच्या अलीकडे फक्त एक उंचवटा. उंचवटा तरी कसला, आपल्याकडे रस्त्यावर गतिरोधक असतो ना, त्याच्या दुप्पट. सुनेने त्यावर पाय दाबला.

पाय मागे गेला.

तेवढंच झालं. मास्तरीणबाईंनी एक पाऊल टाकलं आणि त्या रेषेपार होत्या. सून बुटाच्या अंतराने मागे.

दोघी बर्फात आडव्या पडल्या होत्या. मी खाली उतरून पोचेपर्यंत पायऱ्यांपाशी गर्दी झाली होती. उन्हाने पायऱ्या वितळायला लागलेल्या. तिसरी तर इतकी खचली होती की उंच मास्तरीणबाईंना तिच्यावर चढावंच लागलं नाही, नुसता पाय पुढे टाकला. टाळ्या वाजल्या. त्यांनी गर्दीत सुनेला शोधून हाक मारली, ये, माझ्याबरोबर उभी राहा. सुनेने हसून मान हलवली, नको म्हणाली, आणि सगळ्यांत मोठ्याने टाळ्या वाजवल्या. पण तिची नजर त्या पायरीवर होती, बाईंवर नव्हती.

गाडीपाशी आल्यावर तिने स्की उलटी केली. मधल्या भागावरून बोट फिरवलं. बोटाला पांढरं काहीतरी आलं, गोठलेलं. तिने ते नाकाशी नेलं.

"आई," ती म्हणाली, "याला खोबरेल तेलाचा वास येतोय."

मुलाने ताबडतोब गाडीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन चाकातली हवा तपासायला घेतली. चारही चाकांतली.

मग मी सगळं सांगितलं. फणस, बेसन, गरम पाणी, गंज. पडून राहिले तेही सांगितलं, कण्हण्यासकट. सांगताना मला वाटत होतं, आता ही रडेल, किंवा मला पुढच्या विमानाने पुण्याला पाठवेल, आणि दोन्ही बरोबरच होतं. "वर्षभराची मेहनत घालवली गं मी तुझी," मी म्हटलं, आणि मलाच रडू फुटलं.

ती गाडीच्या डिकीत बसून होती, स्की मांडीवर आडवी. तिकडे मास्तरीणबाई त्यांना मिळालेल्या बक्षिसाच्या टोपलीतलं चॉकलेट दिसेल त्याला वाटत फिरत होत्या; आमच्याकडे बघून त्यांनी लांबूनच हात हलवला. सुनेनेही हलवला. त्यांच्या स्कीज शेजारच्याच गाडीला टेकवून ठेवलेल्या होत्या. सुनेने एकदा त्या स्कीजकडे बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं. तिच्या ओठांचा एक कोपरा हलला. मग तिने माझ्या कोटावरचा बर्फ झटकला आणि म्हणाली, "आई, पुढच्या वर्षी पण याच. पण पूजा मात्र त्यांच्या स्कीजची करा."